कपाटाची किल्ली कोणाकडे?

(पुण्यातल्या काही महिला मंडळांच्या दिवाळीपूर्व एकत्र मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

दिवाळी तीन आठवड्यांवर आली आहे. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकजणींनी पदर खोचलेला असणार. डबे घासायला निघाले असतील, माळ्यावरचं सामान खाली आलं असेल, गाद्यांना ऊन दाखवून झालं असेल. मला आजच्या भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, की मी घर आवरण्यावर बोलते. त्यावर आपल्यातल्याच एक ताई हसल्या. म्हणाल्या, "अहो, हक्कांच्या मेळाव्यात आवराआवरीवर काय बोलायचं? ते आम्ही रोज करतोच की."

रोज करतो म्हणूनच बोलायचं. जे काम आपण रोज करतो त्याच्याकडे आपण बघत नाही. घरातली एखादी वस्तू ठेवायची की टाकायची, कुठे ठेवायची, कोणाच्या कुलपात ठेवायची, हे ठरवणं म्हणजे घरात कोणाचं चालतं हे ठरवणं असतं. मी गेली बरीच वर्षं एका सल्ला केंद्रात काम करते. तिथं येणाऱ्या बाईला आम्ही पहिल्यांदा पाणी देतो, मग तिचं ऐकतो, आणि मग विचारतो, "ताई, तुझे कागद कुठं आहेत?" दहातल्या आठजणी सांगतात, "घरात. कपाटात. किल्ली त्यांच्याकडं." आजचं माझं सगळं बोलणं या एका उत्तरावर आहे.

पण सुरुवात माझ्या स्वतःच्या घरापासून करते.

माळ्यावरची पेटी

माझ्या सासूबाईंचं घर सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात होतं. दोन खोल्या, एक अंधारी कोठी आणि वर माळा. त्याआधी त्या नारायण पेठेत नदीच्या बाजूला राहत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासल्याचं, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी घुसलं. त्यात त्यांचं बिऱ्हाड गेलं. भांडी काही सापडली, कागद एकही सापडला नाही. नव्या घरात आल्यावर त्यांनी एक नियम केला, की महत्त्वाचं काही खाली ठेवायचं नाही. सगळं वर, माळ्यावर.

२००१ साली तो वाडा पाडून इमारत बांधायची ठरली. चाळीस वर्षांचं सामान आठ दिवसांत हलवायचं होतं. माळा उतरवायला आम्ही सगळे जमलो. पितळी घंगाळ, पाटा-वरवंटा, पाळण्याच्या दांड्या, पत्र्याचे डबे, सासऱ्यांच्या कचेरीतल्या फायली, दिरांच्या क्रिकेटच्या बॅटी, त्यांची कॉलेजातली वह्यापुस्तकं, जुन्या मासिकांचे गठ्ठे. धूळ एवढी, की तोंडाला फडकी बांधली. एकेक वस्तू खाली आली, की पुरुषमंडळी निर्णय देत होती. हे ठेवा, हे टाका. फायली ठेवल्या. बॅटी ठेवल्या, कारण आठवण आहे. घंगाळ मोडीत काढायचं ठरलं.

मग एक लहान पत्र्याची पेटी आली. कुलूप गंजलेलं. दीर म्हणाले, "ही तशीच भंगारात द्या, किल्ली कधीचीच हरवली आहे." सासूबाई इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या, पेटी जवळ ओढली आणि तिच्यावर बसल्या. "आई, कशाला हा पसारा?" असं कोणीतरी म्हणालं. त्या म्हणाल्या, "माझं एवढंच आहे."

किल्ली हरवलेली नव्हती. ती मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीखाली होती. पेटीत काय होतं? व्हर्नाक्युलर फायनलचं प्रमाणपत्र. ते पुरात गेलं होतं, पण त्यांनी कोणाला न सांगता शाळेत खेटे घालून दुसरी प्रत मिळवली होती. त्यांच्या आईची इनलँड पत्रं. पोस्टाचं एक पासबुक, त्यात दोन-दोन, पाच-पाच रुपये भरलेले. अर्धवट विणलेला एक स्वेटर. बस्स. दोन खोल्या, कोठी आणि माळा भरून सामान होतं. ते सगळं आयुष्यभर त्यांनी पुसलं, उन्हात घातलं, लावलं. त्यातलं त्यांचं स्वतःचं एवढं, एका पेटीत मावणारं. आणि 'पसारा' नेमका त्यालाच म्हटलं गेलं.

मैत्रिणींनो, मी त्या दिवसापासून 'पसारा' हा शब्द जपून वापरते. त्याच्या फायली म्हणजे कागदपत्रं आणि तिची पत्रं म्हणजे रद्दी. त्याच्या बॅटी म्हणजे आठवण आणि तिच्या साड्यांचं गाठोडं म्हणजे अडगळ. तुम्ही आपापल्या घरात जाऊन बघा. कोणाच्या वस्तूंना कोणता शब्द लागतो, ते ऐका.

आवरतं कोण, ठरवतं कोण?

आता दुसरी गोष्ट. आवरण्याचं काम करतं कोण? हे सांगायला आकड्यांची गरज नाही, पण आकडे हाताशी असले की वाद घालायला बरं पडतं. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. दिवसाचे चोवीस तास कोण कशात घालवतं, याची. सहा वर्षांपुढच्या शंभर बायका-मुलींपैकी ८१ जणींनी त्या दिवशी घरातलं बिनपगारी काम केलेलं होतं. शंभर पुरुषांपैकी २६ जणांनी. आणि काम करणाऱ्या बायकांचा सरासरी वेळ होता दिवसाला २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांचा ९७ मिनिटं.

यात एक मेख आहे. मिनिटं मोजता येतात, पण लक्षात ठेवणं मोजता येत नाही. "माझा पट्टा कुठे आहे? माझी गुणपत्रिका कुठे आहे? विजेचं बिल कुठे आहे?" असे प्रश्न घरात दिवसभर चालू असतात, आणि उत्तर देणारी एकच. सगळ्या घराचा नकाशा तिच्या डोक्यात असतो. ती दोन दिवस माहेरी गेली, की चहापत्तीचा डबा सापडत नाही. आपल्याला त्याचं थोडं कौतुकही वाटतं, खरं सांगा. "माझ्याशिवाय यांचं पान हालत नाही." पण ते कौतुक महागात पडतं. ज्या नकाशाची जबाबदारी सगळी आपली, त्यातल्या जमिनीच्या एका तुकड्यावरही आपलं नाव नाही, असा हा प्रकार आहे.

हल्ली आवराआवरीची पुस्तकं आणि कार्यक्रम पुष्कळ झाले आहेत. जपानमधल्या मारी कोंदो बाईंचं पुस्तक जगभर खपलं. त्यांचं सांगणं असं, की प्रत्येक वस्तू हातात घ्या आणि मनाला विचारा, हिच्यामुळे आनंद होतो का? होत असेल तर ठेवा, नाहीतर तिचे आभार मानून निरोप द्या. सल्ला वाईट नाही. पण त्याच बाईंनी २०२३ मध्ये मोकळेपणाने सांगितलं, की तिसरं मूल झाल्यावर त्यांचं स्वतःचं घर पूर्वीसारखं नीटनेटकं राहत नाही, आणि त्यांनी तो आग्रहही सोडला आहे. मला त्या तेव्हा जास्त आवडल्या! सांगायचं एवढंच, की आवरण्याची कला शिकवून प्रश्न सुटत नाही. आवरण्याचा भार वाटून घ्यावा लागतो.

आणि आपल्याकडे वस्तू हातात घेतल्यावर आनंदाच्या आधी वेगळा प्रश्न विचारावा लागतो. ही कोणाची? आणि ती ठेवायची की टाकायची, हे ठरवायचा अधिकार कोणाचा?

किल्ल्यांचा जुडगा

जुन्या घरांत सासूच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. आपण त्यावर खूप हसलो आहोत, नाटकांतून, सिनेमांतून. पण जरा विचार करा. त्या बाईच्या नावावर घर नव्हतं, शेत नव्हतं, पैसा नव्हता. सत्ता म्हणून तिला मिळाली ती फक्त कोठीची किल्ली. मग ती सुनेवर तिचा वापर करी. तूप मोजून देई, साखर मोजून देई. बाईला बाईच्या विरोधात उभं करणारी व्यवस्था अशी एका जुडग्यात दिसते. खरी किल्ली, म्हणजे पैशाच्या पेटीची आणि कागदांच्या कपाटाची, ती त्या जुडग्यात क्वचितच असे.

आज जुडगा गेला, गोदरेजचं कपाट आलं, बँकेत लॉकर आला. आमच्या केंद्रात येणाऱ्या मुलींची गोष्ट साधारण एकसारखी असते. लग्नात दागिने घातले, आठ दिवसांनी "सांभाळून ठेवते" म्हणून सासूने काढून घेतले. लॉकर नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या नावावर. लग्नाची नोंदणी झालेली, पण प्रमाणपत्र कपाटात. मुलाचा जन्मदाखला कपाटात. एके रात्री मार खाऊन ती बाहेर पडते, अंगावरच्या कपड्यांनिशी. नंतर पोलिसात, कोर्टात, मुलाच्या शाळेत प्रत्येक ठिकाणी कागद मागतात. आणि ती म्हणते, "घरात आहे हो सगळं. मीच नीट लावून ठेवलंय. निळ्या फायलीत." तिने लावलेली फाईल तिला मिळत नाही.

इथं कायदा काय म्हणतो ते प्रत्येकीला माहीत हवं. लग्नात, लग्नाआधी किंवा नंतर बाईला मिळालेले दागिने, भांडी, कपडे, रोख भेटी हे तिचं स्त्रीधन आहे. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की सासरी राहायला आली म्हणून बाईचं स्त्रीधन नवऱ्याच्या मालकीचं होत नाही, ते दोघांच्या सामाईक मालकीचंही होत नाही. ते नवऱ्याकडे किंवा सासरच्यांकडे सांभाळायला दिलेलं असेल आणि ते परत द्यायला नकार देत असतील, तर तो विश्वासघाताचा गुन्हा होतो. तेव्हा ते भारतीय दंड संहितेचं कलम ४०६ होतं. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात हा गुन्हा कलम ३१६ मध्ये आहे.

दुसरा कायदा कौटुंबिक हिंसाचाराचा, २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला. आपल्याला वाटतं, हिंसा म्हणजे मारहाण. पण त्या कायद्यात आर्थिक छळ हीसुद्धा हिंसा आहे. बाईचं स्त्रीधन किंवा तिचा हक्क असलेली मालमत्ता विकून टाकणं आणि घरातल्या सामानाची विल्हेवाट लावणं हे त्यात शब्दशः लिहिलं आहे. न्यायदंडाधिकारी नवऱ्याला बँकेचा लॉकर परस्पर उघडायला मनाई करू शकतात, स्त्रीधन परत द्यायचा आदेश देऊ शकतात. तेव्हा "माझ्या माघारी माझी भांडी मोडीत घातली" असं एखादी सांगते, तेव्हा तिला "जाऊ दे, वस्तूच तर आहेत" असं म्हणू नका. लिहून घ्या.

तिसरा कायदा माहेरच्या कपाटाचा. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला, पण त्या वेळी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ते वगळणंही गेलं. तरीही होतं काय? भाऊबीजेला भाऊ साडी देतो आणि साडीच्या आसपास कधीतरी हक्कसोडपत्र येतं. "इथं सही कर गं, तलाठ्याकडं द्यायचंय." बाई सही करते आणि कागदाची प्रतही मागत नाही. हक्क सोडायचा की नाही, हा तिचा निर्णय. तिच्यावर नात्याचं ओझं असतं, मला ठाऊक आहे. पण न वाचता सही करू नका, आणि ज्यावर सही केली त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. ठेवायला जागा नाही, असं व्हायला नको.

तांदळाच्या डब्यातली नोट

स्वतःची जागा नसली की बाई ती चोरून तयार करते. आपल्या आज्या उतरंडीतल्या मधल्या गाडग्यात पैसे ठेवत. आपल्या आया तांदळाच्या डब्यात, साडीच्या घडीत, देव्हाऱ्यातल्या पाटाखाली. माझ्या सासूबाईंची किल्ली मोहरीखाली. ही बायकांची बँक. नवरा दारू पिणारा असेल, तर ही बँकच मुलांची फी भरते.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि ही बँक एका रात्रीत उघडी पडली. आमच्याकडे बाया येत होत्या त्या रडत. कोणाचे चार हजार, कोणाचे अकरा हजार. बदलून आणायचे तर नवऱ्याला सांगावं लागणार. सांगितलं तर "एवढे दिवस माझ्यापासून लपवलेस?" म्हणून मार. काहीजणींचे पैसे त्याच दिवशी हातातून गेले. त्या अनुभवातून आम्ही शिकलो ते हे, की लपवलेली जागा ही आपली जागा नव्हे. ती सापडेपर्यंतच आपली. आपल्या नावाचं बँकेतलं किंवा पोस्टातलं खातं, त्याचं पासबुक आपल्या हाताशी आणि त्याचा नंबर आपल्या तोंडपाठ, ही खरी जागा.

दहा बाय दहाची खोली

आता इथं बसलेल्या पुष्कळजणी मनात म्हणत असतील, "बाई, कपाट आणि माळा तुमच्याकडं. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत काय आवरायचं?" बरोबर आहे. जिच्याकडे जास्त आहे तिने कमी करावं. जिच्याकडे कमी आहे तिला साधेपणाचं प्रवचन कोणी देऊ नये.

वस्तीतल्या घरात जागा कशाने भरते ते बघा. पाण्याचे पिंप, कळश्या, हंडे, कारण नळाला पाणी ठराविक वेळीच येतं. धान्य, कारण रेशन मिळतं तेव्हा घ्यावं लागतं. जुने कपडे, कारण धाकट्याला लागतील. ज्याला उद्याची खात्री नाही तो साठवतो. चोवीस तास पाणी असलेल्या सोसायटीत पिंप नसतं, त्यात त्या बाईची शिस्त नाही, तिच्या नळाचा गुण आहे. तेव्हा वस्तीत जागा मोकळी करायची, तर पिंप हलवून होणार नाही, नळासाठी वॉर्ड ऑफिसात जावं लागेल. भिंतीला लावलेली लखलखीत मांडणी ही त्या घरातली एकमेव देखणी वस्तू असते आणि ती बाईने पै पै साठवून घेतलेली असते. तिला कोणी पसारा म्हणू नये.

पण कागदांचा प्रश्न लहान घरात मोठ्या घरापेक्षा मोठा आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. ओढ्याकाठच्या वस्त्यांमध्ये आणि सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं, माणसं गेली. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत नदीचं पाणी घुसलं. पाणी ओसरल्यावर बायका चिखलातून कागद वेचत असतात. रेशनकार्ड, दाखले, आधार. मदत मिळवायला कागद लागतो आणि कागद तर पाण्यात. चाळीस वर्षं कागद माळ्यावर ठेवणाऱ्या माझ्या सासूबाईंचं शहाणपण मला तेव्हा कळलं. कागद उंचावर हवेत, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत हवेत, आणि एका हाताने उचलून निघता येईल असे हवेत. पुरातूनही आणि मारातूनही.

टाकलेलं जातं कुठं?

आपण टाकतो म्हणजे ते नाहीसं होत नाही. दुसऱ्या बाईच्या हातात जातं. पूर्वी दारावर बोहारीण येई. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचं बोचकं. एका स्टीलच्या डब्यासाठी आपण तिच्याशी तासभर घासाघीस करायचो. दोन साड्या, एक पँट, "अजून एक शर्ट टाका ताई." तेच कपडे धुऊन, शिवून जुन्या बाजारात विकून तिचं पोट चाले. आपण घासाघीस जिंकलो की खूष. ती किती मैल चालली, हे आपण विचारलं नाही.

पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी मात्र आपल्याला विचार करायला लावलं. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. डॉ. बाबा आढावांसारखे ज्येष्ठ कार्यकर्ते आणि एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या त्यामागे होत्या, आणि सभासदांमध्ये बहुसंख्य दलित बाया. आम्ही चोर नाही, भिकारी नाही, आम्ही कामगार आहोत, ही त्यांची मागणी होती. २००८ मध्ये त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करण्याचं काम तिने हाती घेतलं. ज्या बाया उकिरड्यात हात घालत होत्या त्या आपल्या दारात येऊन, ओळखपत्र लावून कचरा मागू लागल्या.

तेव्हा दिवाळीची आवराआवर करताना तिची आठवण ठेवा. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळा आणि वर लिहा. सॅनिटरी पॅड कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे तिला उघडून बघावं लागत नाही. ही लाल ठिपक्याची रीत 'स्वच्छ'नेच सुरू केली आहे. रद्दी, पत्रा, प्लॅस्टिक कोरडं आणि वेगळं द्या, त्यावर तिची कमाई आहे. फाटके, मळके कपडे "गरिबाला होतील" म्हणून देऊ नका. आपल्याला जे अंगाला लावावंसं वाटत नाही, ते दुसरीला दान म्हणून देणं हा अपमान आहे.

रद्दीत गेलेल्या बायका

आणखी एक सांगते आणि मग कामाचं बोलते. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ साली इथं पुण्यात छापलं गेलं. बुलढाण्याच्या या बाईने पुरुषांना विचारलं होतं, की जे दोष तुम्ही बाईच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत का? जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पुढे ते पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं, तेव्हा आपल्या पिढीला ते वाचायला मिळालं. मध्ये नव्वदहून अधिक वर्षं गेली. एवढ्या वर्षांत त्याच्या किती प्रती कोणाकोणाच्या माळ्यावरून रद्दीत गेल्या असतील, कोण जाणे! आणि जे कधी छापलंच गेलं नाही, वह्यांमध्ये, पत्रांमध्ये, हिशेबाच्या चोपड्यांमध्ये राहिलं, त्याचं काय?

शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल. नसेल तर पोरींना घेऊन जा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून वस्तू जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाचं नाव संग्रहाला दिलं. त्यात दिवे आहेत, अडकित्ते आहेत, फणी-करंड्याच्या पेट्या आहेत, स्वयंपाकघरातली भांडी आहेत. लोकांच्या घरात ज्याला अडगळ म्हणत होते, तेच आज काचेमागे आहे. एकच वाटतं. तिथं वस्तू आहे, पण ती रोज घासणाऱ्या बाईचं नाव नाही. ते नाव कुठे मिळालं असतं? तिच्या पेटीतल्या कागदांत.

म्हणून आई किंवा सासू गेल्यावर पेटी आवराल तेव्हा घाई करू नका. पत्र वाचल्याशिवाय फाडू नका. घरखर्चाची वही रद्दीत घालू नका. तिला संस्थेत आणून द्या, आम्ही ठेवू.

काय करायचं?

आता कामाचं. एकदम सगळं घर काढू नका. एका वेळी एक कप्पा काढा. तो काढताना चार ढीग करा: माझं, तुझं, मुलांचं, सगळ्यांचं. ज्याचा ढीग त्याने आवरायचा. नवऱ्याच्या फायली नवऱ्याने लावायच्या, पोराचं दप्तर पोराने, आणि हे पोरीइतकंच पोरालाही लागू. आपण दुसऱ्याचं परस्पर टाकायचं नाही. आपलं दुसऱ्याला टाकू द्यायचं नाही. सगळ्यांचं म्हणून जे उरेल त्याचा निर्णय सगळ्यांनी बसून करायचा, त्यात म्हातारीलाही बोलू द्यायचं.

रोज लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्याच्या उंचीपर्यंत ठेवा. जड वस्तू खाली. स्टुलावर चढून डबा काढताना पडून हात मोडलेल्या किती बायका आपण पाहिल्या आहेत! फळी किती उंचीवर ठोकायची हे सुताराला घरातल्या बाईने सांगायचं, कारण हात तिचा पोचायचा आहे.

आणि शेवटचं, सगळ्यांत महत्त्वाचं. या दिवाळीत घरातला एक कप्पा आपल्या नावाचा करा. कुलपाचा. कपाट नसेल तर एक पेटी. तिची किल्ली आपल्याजवळ. त्यात काय ठेवायचं ते लिहून घ्या: आधार आणि रेशनकार्डाची प्रत, लग्नाच्या नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, आपला शाळेचा दाखला, पासबुक, घराचा करार किंवा विजेच्या बिलाची प्रत, दवाखान्याचे कागद, दागिन्यांच्या पावत्या. पावत्या नसतील तर दागिने घातलेले लग्नातले फोटो आणि स्त्रीधनाची यादी, तारीख आणि सही घालून. त्याची एक प्रत माहेरी, मैत्रिणीकडे किंवा संस्थेत. आता डिजिलॉकर आहे, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवता येतात. जरूर ठेवा. पण मोबाईलचा पासवर्ड घरात कोणाकोणाला माहीत आहे, तेही आठवून बघा.

काहीजणींना हे सोपं जाणार नाही, मला कल्पना आहे. "कुलूप कशाला? आमच्यापासून काय लपवायचंय?" असं विचारलं जाईल. तेव्हा शांतपणे सांगा, की लपवायचं काही नाही, ठेवायचं आहे. तुमच्या कपाटाला कुलूप आहे, तसं माझ्या कप्प्याला. ज्या घरात हे वाक्य बोलताच येत नाही, त्या घरातल्या बाईने एकटीने झगडू नये. आपल्या मंडळात सांगा. तिची पिशवी तोपर्यंत आपल्यातली कोणीतरी सांभाळेल.

सासूबाई नव्या इमारतीत गेल्या, तेव्हा त्यांच्यासाठी आम्ही भिंतीतलं एक लहान कपाट करून घेतलं. सुताराने विचारलं, "कुलूप बसवायचं?" आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "बसवा. आणि किल्ल्या दोन द्या. एक माझी, एक सुनेकडं. मी गेल्यावर तिनं उघडायचं." ती किल्ली अजून माझ्याकडे आहे. पत्रं मी वाचली. स्वेटर तसाच ठेवला आहे.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एवढंच सांगायचं, आपला कप्पा झाला का? ज्यांचा झाला नाही त्यांच्या घरी आपण दोघी-तिघी मिळून जाऊ.